टांग्याच्या घोड्यापासून रिक्षाच्या पासिंगपर्यंत

बदलापूर हे नाव कसं पडलं, ते आपल्यातल्या बऱ्याच जणींनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल. शिवकाळात सुरतेकडे जाणारे स्वार इथं थांबायचे, दमलेले घोडे सोडायचे आणि ताजे घ्यायचे. घोडे बदलायचं गाव, म्हणून बदलापूर. ही लोकांनी जपलेली गोष्ट आहे आणि आम्हाला ती फार आवडते, कारण आजचा आपला विषय तिच्यातच दडलाय. नवा घोडा घेताना कुणीतरी त्याचा पाय उचलून नाल बघितला असेल, पाठीवर हात फिरवला असेल, खोगिराचा पट्टा ओढून पाहिला असेल. पुढचा प्रवास लांबचा, आणि वाटेत घोडा बसला तर स्वार संपला.

आज त्याच कामाला आपण पासिंग म्हणतो. "ह्यांची रिक्षा पासिंगला गेलीय," "टेम्पोचं पासिंग संपलंय," हे वाक्य उल्हासनगरच्या कॅम्पांपासून नेवाळी, मुळगाव, वांगणीपर्यंत कुठल्याही घरात ऐकू येतं. कागदावर त्याचं नाव योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच फिटनेस. पासिंग म्हणजे आरटीओची कटकट, एजंटाचा खर्च आणि एक दिवसाची बुडालेली कमाई, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण हा नियम आला कुठून, आणि कुणासाठी आला?

आपल्या भागात रेल्वे आली १८५६ साली, कल्याणहून पुढे पळसदरीपर्यंत. रेल्वे आली की स्टेशनबाहेर टांगे उभे राहणारच. आमच्या गटांतल्या आज्ज्या अजून सांगतात, लग्नाचं वऱ्हाड टांग्यातून कसं यायचं आणि चढावर सगळ्यांना खाली उतरून चालायला कसं लागायचं. टांगा भाड्याचा असला की प्रश्न निराळा होतो. स्वतःच्या बैलगाडीचं चाक निखळलं तर नुकसान आपलं. पण पैसे देऊन बसणाऱ्या बाईला काय ठाऊक, की चाकाची खीळ ढिली आहे किंवा घोडं लंगडतंय? म्हणून इंग्रज सरकारनं १८७९ साली हॅकनी-कॅरेज कायदा केला. भाड्याच्या घोडागाड्यांना परवाना द्यायचा, गाडी आणि जनावर तपासायचं, माणसं किती बसवायची ते ठरवायचं, असे नियम करायचा अधिकार त्यानं नगरपालिकांना दिला.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ती आजपर्यंत बदललेली नाही. तपासणी आली ती भाड्याच्या गाडीवर, दुसऱ्याचा जीव वाहून नेणाऱ्या गाडीवर. घरच्या गाडीला ती कधीच तशी लागली नाही. सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा, तो काही जणींना आठवत असेल. पण तो कराचा होता, तपासणीचा नव्हता. ब्रेक लागतो का, हे बिल्लेवाल्यानं कधी विचारलं नाही.

पुढे मोटारी आल्या. देशभरासाठी पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा. तो अगदी आटोपशीर होता. गाडीची नोंद आणि चालकाचा परवाना हेच त्यातलं मुख्य. मग बस आणि ट्रक वाढले, भाड्यानं माणसं आणि माल वाहणं हा मोठा धंदा झाला, आणि १९३९ चा कायदा आला. त्याच्या ३८ व्या कलमात फिटनेसचा दाखला ठळकपणे बसला. प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या गाडीजवळ हा दाखला नसेल, तर तिची नोंदणीच वैध धरली जाणार नाही. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि हीच गोष्ट त्यात ५६ व्या कलमात आली. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं, की पासिंग संपलं म्हणजे फक्त एक कागद जुना झाला. तसं नाही. कायद्याच्या नजरेत ती गाडी बिननोंदणीची होते. रस्त्यावर पकडली तर दंड, आणि अपघात झाला तर विम्याच्या पैशांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची वेळ.

या दोन कायद्यांच्या मधल्या काळात आपला भाग ओळखू येणार नाही इतका बदलला. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणी गेली तरी कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते अजून चालतात. अंबरनाथला काड्यापेटीचा कारखाना होता, दारूगोळ्याचा सरकारी कारखाना होता, नंतर औद्योगिक वसाहत उभी राहिली. माणसं आली तशी चाकं आली. आधी टांगे, मग ट्रक, टेम्पो, रिक्षा. फर्निचर, कापड, जीन्स, भाजी, बदलापूरची जांभळं, सगळं कुणाच्या ना कुणाच्या टेम्पोतून जातं. या हद्दीतल्या गाड्यांवर एमएच ०५ लिहिलेलं असतं. ते कल्याणचं आरटीओ. टांगा तपासायला नगरपालिका होती, रिक्षा तपासायला कल्याण गाठावं लागतं. वांगणीच्या माणसाचा त्यात सगळा दिवस जातो.

आता तपासणी प्रत्यक्षात कशी व्हायची ते बघू. निरीक्षक गाडीभोवती फेरी मारायचा, दिवे लावायला सांगायचा, हॉर्न वाजवायला सांगायचा, चेसिस नंबर बघायचा. रांगेत गाड्या शेकड्यांनी, निरीक्षक मोजके. ब्रेक उभ्या गाडीत कसा कळणार? घोड्याला निदान दोन पावलं चालवून बघत असत! शेवटी पुण्याच्या एका कार्यकर्त्यानं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०१६ साली न्यायालयानं सांगितलं, की ब्रेकची चाचणी घ्यायला २५० मीटरचा ट्रॅक हवा, आणि ज्या आरटीओकडे तो नाही त्यांनी फिटनेसचे दाखले देऊ नयेत. राज्यातल्या कित्येक कार्यालयांकडे तेव्हा असा ट्रॅक नव्हता. तिथल्या गाड्यांना पासिंगसाठी दुसऱ्या गावचा ट्रॅक गाठावा लागला. रिक्षावाल्यांनी तेव्हा बोटं मोडली, आणि त्यांचंही चूक नव्हतं. डिझेल, बुडालेला दिवस, हे सगळं त्यांच्याच खिशातून गेलं. पण निकाल बरोबर होता, असंच आम्ही म्हणू. ज्या स्कूल व्हॅनमध्ये आपली लेकरं बसतात, तिचा ब्रेक कुणीतरी चालत्या गाडीत दाबून पाहिलेला असावा, यात जास्त मागणं काय आहे?

त्याच वर्षी, म्हणजे २०१६ च्या अखेरीस, केंद्र सरकारनं फीचे नियम बदलले. त्यात एक ओळ होती. फिटनेसची मुदत संपल्यावर उशीर होईल त्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जास्तीचे. त्या ओळीकडे बरीच वर्षं कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, कारण प्रकरण कोर्टात होतं. २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि वसुली सुरू झाली, तेव्हा गोंधळ उडाला. हिशोब तुम्हीच करा. दिवसाला ५० म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये. करोनाच्या काळात ज्यांची रिक्षा दारात उभी राहिली, ज्यांनी पुढे दोन वर्षं पासिंग केलंच नाही, त्यांचा आकडा रिक्षाच्या किमतीच्या जवळ जायला लागला. राज्यभर रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी आंदोलनं केली आणि जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत या वसुलीतून सूट जाहीर केली. केंद्राचा नियम एक आणि राज्याची सवलत एक, असा हा मामला आहे. त्यामुळे जाण्याआधी खिडकीवर किंवा पोर्टलवर आजचा आकडा विचारा. शेजारच्यानं मागच्या वर्षी किती भरले त्यावर जाऊ नका.

हे सगळं बचत गटात का बोलायचं? आमच्या एका गटात यावरूनच जोरात वाद झाला होता. एका ताईंनी पासिंगसाठी अंतर्गत कर्ज मागितलं. टायर बदलायचे होते, मीटर दुरुस्त करायचा होता, विम्याचा हप्ताही त्याच महिन्यात आला होता. दोघी-तिघी म्हणाल्या, "रिक्षा नवऱ्याची आहे, त्याचं तो बघेल. गटाचा पैसा बाईच्या धंद्यासाठी." त्यावर कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "रिक्षा त्याची, पण बँकेच्या कागदावर सही कुणाची?" सही ताईंची होती. रिक्षा उभी राहिली असती तर हप्ता थकला असता, आणि हप्ता थकला की गटाचं नाव बँकेत खराब. कर्ज मंजूर झालं. तेव्हापासून त्या गटात गाडीसाठी कर्ज देताना पासिंगची तारीख विचारून वहीत लिहितात आणि महिन्याला थोडे पैसे त्यासाठी बाजूला काढायला लावतात. आमच्या मते ही वहीतली ओळ व्याजाच्या रकान्याइतकीच महत्त्वाची आहे.

शिवाय गाडी आता नवऱ्याचीच असते असंही नाही. २०१६ पासून रिक्षाच्या परवान्यांत बायकांसाठी ५ टक्के राखीव ठेवले गेले, अबोली रंगाच्या रिक्षा आल्या, आता सरकारच्या पिंक ई-रिक्षा आल्या. बाईच्या नावावर परवाना आला की पासिंगची रांगही तिच्याच नावावर येते.

तर मुदत किती? प्रवासी किंवा माल वाहणारी नवी गाडी घेतली की पहिली दोन वर्षं पासिंगची चिंता नाही. २०१८ च्या बदलानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दाखला दोन-दोन वर्षांनी नवा करायचा, आणि आठ वर्षांनंतर दर वर्षी. त्याआधी पहिली दोन वर्षं सरली की लगेच दर वर्षी जावं लागायचं, म्हणून जुनी माणसं अजून "वर्षाचं पासिंग" म्हणतात. गाडी जितकी जुनी तितकी फी चढत जाते. स्वतःच्या वापरातली स्कूटी किंवा मोटारसायकल यात येत नाही. तिची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. स्कूटीला दर वर्षी पासिंग लागतं असं कुणी सांगून पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. पीयूसी मात्र तिलाही लागतं.

सगळ्यात नवी गोष्ट यंत्रांची. गाडी रोलरवर चढवायची आणि ब्रेक किती लागतो ते यंत्र सांगणार. हेडलाइटचा झोत, धूर, चाकांची दिशा, सगळं यंत्रावर. आपल्या राज्यात याची सुरुवात नाशिकला झाली. २०२१ मध्ये अशा स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आले. ही केंद्रं खासगी संस्थाही चालवू शकतात. ती सक्तीची करायची तारीख मात्र पुढे पुढे जात राहिली. आधी २०२३ नि २०२४, मग ऑक्टोबर २०२४, मग १ एप्रिल २०२५. ज्या आरटीओच्या हद्दीत असं केंद्र सुरू आहे तिथल्या गाड्यांनी तिथंच जायचं, असा नियम आहे. यंत्राला चहापाणी लागत नाही, हे खरं. पण यंत्र गयही करत नाही. एका बाजूचा ब्रेक कमी लागला की नापास. नापास झालात तर दुरुस्ती करून पुन्हा फी भरून तपासणी करता येते आणि निकाल पटला नाही तर दादही मागता येते.

केंद्र शोधायला एजंट लागत नाही. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकायचा, फिटनेसचा अर्ज निवडायचा, फी भरायची, तारीख घ्यायची. आपल्या गाडीला कुठं जायचंय ते तिथंच दिसतं. घरी जमत नसेल तर सेतू केंद्रात किंवा गटातल्या शिकलेल्या मुलीकडून करून घ्या. बरोबर आरसी, विमा, पीयूसी, परवाना, कर भरल्याची पावती न्यायची. रिक्षा असेल तर मीटर तपासलेला हवा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी एचएसआरपी नंबरप्लेट बसवलेली हवी. टायर, इंडिकेटर, वायपर, मागची लाल पट्टी हे आदल्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवून घ्या, म्हणजे दुसरी फेरी वाचते. आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी तारीख घ्या, पावसाळ्यात तर त्याच्याही आधी.

दुसऱ्याच्या गाडीचं पासिंगही आपल्याला बघता येतं, हे फार थोड्या जणींना ठाऊक आहे. एम-परिवहन हे सरकारी ॲप मोबाइलवर घ्या, त्यात गाडीचा नंबर टाका. फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, सगळ्या तारखा समोर येतात. शाळेच्या व्हॅनचा नंबर दारातूनच दिसतो. जत्रेला किंवा गटाच्या सहलीला जी गाडी ठरवाल तिचा नंबरही आगाऊ पैसे देण्याआधी मागून घ्या.