तळटीप १४ : सालेकसा

१४. सालेकसा : गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा डोंगराळ तालुका, मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन्ही राज्यांच्या सीमा त्याला लागतात. मूळ मजकुरात ‘भंडारा जिल्हा’ असे आहे, कारण गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. लेखकाने इथल्या सगळ्यांना सरसकट ‘रानातले लोक’ म्हटले आहे, ते मात्र तसेच स्वीकारू नये. डोंगरालगतच्या गावांत प्रामुख्याने गोंड, तर सखल भागात धानाच्या बांध्या कसणारे पोवार. शिवाय इतरही समाज आहेत. गोंडी ही द्राविडी कुळातली, पोवारी आर्य कुळातली. आठवडी बाजारात मराठी, हिंदी, छत्तीसगढीही कानी पडते. पुढे उल्लेखलेली ‘गुहेची जत्रा’ म्हणजे दरेकशाजवळील कचारगडची माघ पौर्णिमेची यात्रा. कोया पुनेम हा धर्म मानणाऱ्या गोंडांच्या श्रद्धेनुसार या गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनी केली. त्यामुळे शेजारच्या राज्यांतूनही गोंड कुटुंबे पिवळे दुपट्टे व सप्तरंगी ध्वज घेऊन येतात आणि डोंगर चढतात. लेखक हिला ‘मौजेची जत्रा’ म्हणतो; येणाऱ्यांसाठी ते आपल्या मूळ पूर्वजांचे दर्शन असते.