अर्थ इल्ल! जुन्या पी.बी. रोडवरच्या वायरमन लोकांची आठवण

आपल्या बेळगावच्या जुन्या आठवणींत नाटकं, तालमी, शाळा आणि मास्तर यांच्याबद्दल भरपूर लिहून झालंय. आज जरा ग्रीस लागलेल्या हातांबद्दल लिहितो. आमच्या घरात दोन पिढ्या ट्रक होता. त्या ट्रकांच्या पोटातल्या वायरी ज्यांनी सांभाळल्या, त्या वायरमन लोकांची नावं कुठल्याच स्मरणिकेत आली नाहीत.

आजोबांचा काळ पेट्रोल गाड्यांचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने शेवरोले, फोर्ड, डॉज असे ट्रक लिलावात काढले. त्यांना सगळे 'डिस्पोजलची गाडी' म्हणत. आजोबांनी दोघांच्या भागीदारीत असलीच एक शेवरोले घेतली. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीचे, १९४७ पासून कुर्ल्याला तयार होणारे डॉज आणि फार्गो रस्त्यावर दिसायला लागले.

पेट्रोल गाडीचा जीव ठिणगीत. बॅटरीतून करंट चावीला, चावीतून कॉइलला, कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या प्वाईंटला. प्वाईंट उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो आणि रोटरमधून प्लगला जातो. गाडी बंद पडली की आजोबा कॉइलची मधली जाड वायर टोपणातून काढायचे, कोरड्या कापडात धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून जोंधळ्याच्या दाण्याएवढं लांब ठेवायचे आणि क्लीनरला हँडल मारायला लावायचे. निळी, कडक ठिणगी पडली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक, दोष टोपण, रोटर किंवा प्लगमध्ये. पिवळी, मरगळलेली पडली तर प्वाईंट घासा, कंडेन्सर बदला. ठिणगीच नाही तर मागे मागे जात चावीपर्यंत या. त्यात त्या अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या. करंट जास्त, ताकद कमी, त्यामुळे एक सैल स्क्रूसुद्धा गाडी अडवायचा.

मग डिझेल आलं. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक काढले. पंधरा वर्षांनी, १९६९ ला करार संपला आणि बोनेटवरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे 'टी' आला. आमच्याकडची म्हातारी माणसं मात्र पुढेही कितीतरी वर्षं 'मर्सिडीज आली, मर्सिडीज गेली' असंच म्हणत. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. माणसांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. वायरमन लोकांना मात्र पुण्या-मुंबईचा माल लागायचा तसाच बंगळूरचाही. तिथे १९५१ पासून मायको होती, आणि १९६१ पासून मद्रासला लुकास-टीव्हीएस. पी.बी. रोड दोन्ही टोकांना पोचत होता. गॅरेजमध्ये अर्धं वाक्य मराठी, अर्धं कानडी, आणि शिव्या दोन्ही भाषांतल्या.

डिझेलला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर तेल पेटतं, आणि एकदा सुरू झालेलं जुनं इंजिन बॅटरी काढली तरी चालत राहतं. बंद करायला चावी नाही, स्टॉपची केबल ओढावी लागते. त्यामुळे खूप ड्रायव्हर म्हणायचे, डिझेलला वायरिंगची कसली भानगड? भानगड होती ती सुरू करण्यात. पेट्रोलपेक्षा डिझेलचं कॉम्प्रेशन कितीतरी जास्त, म्हणजे स्टार्टरला करंटही भरपूर हवा. तेवढा द्यायला बॅटरी भरलेली पाहिजे, आणि बॅटरी भरायची डायनामोने.

आता घरची गोष्ट. साल १९८३, मी आठवीत होतो. वडिलांकडे (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू) जुनी टाटा-मर्सिडीज होती, आईच्या पाटल्या गहाण ठेवून घेतलेली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यापासून बेळगावची भाजी गोव्याला जायची ती वाढतच गेली होती. खानापूर, लोंढा, अनमोड, मोले, फोंडा हा अण्णांचा रस्ता. कोबी, फ्लॉवर, मिरची रात्री भरायची आणि उजाडायच्या आत पोचवायची. दुपार झाली की मालाचा भाव अर्धा.

त्या पावसाळ्याआधी गाडीचं पासिंग झालं, चेसिसला छान काळा रंग मारून. आणि पंधरा दिवसांत त्रास सुरू झाला. सकाळी चावी फिरवली की स्टार्टर नुसता कण्हायचा. बॅटरी चार्जिंगला दिली की दोन दिवस बरं, परत तेच. एका वायरमनने डायनामोचे कार्बन ब्रश बदलले. दुसऱ्याने कटाऊट बदलला, कारण कटाऊटचे प्वाईंट चिकटले तर रात्रभर बॅटरीचा करंट उलटा डायनामोत वाहून जातो. दोघांचंही चूक नव्हतं, अशा दुखण्यात पहिला संशय तिथेच जातो. पण फरक पडला नाही. शेवटी उधारीवर नवी बॅटरी आणली. आठवड्याने तीही बसली.

मग संशय माणसावर आला. क्लीनर खानापूरकडचा, सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. रात्री केबिनमध्ये झोपायचा. "हाच दिवा लावून झोपतोय," असं अण्णांनी ठरवून टाकलं. तो शपथा घ्यायचा. एका पहाटे मोलेच्या नाक्यावर इंजिन बंद केलं ते परत सुरूच होईना. ढकलायला माणसं मिळेपर्यंत ऊन वर आलं, फ्लॉवर पिवळा पडला. त्या फेरीत भाडं तर गेलंच, मालाची भरपाईही द्यावी लागली. घरी आल्यावर अण्णांनी त्या पोराला सगळ्यांसमोर बोलून हाकलला. अर्धा पगार बॅटरीत कापला. आई आतून म्हणाली, "पोटचं पोर असतं तर कापला असता?" अण्णा काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी जुन्या पी.बी. रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. सगळे त्यांना मामा म्हणत. बॅटरी नुकतीच चार्ज केलेली होती. मी सोबत होतो. मामांनी पाना हातात घेतला नाही. हेडलाइट लावायला सांगितली आणि चावी मारायला. स्टार्टर कण्हला, पण दिवा जवळजवळ तसाच राहिला.

"बॅटरी मेली असती तर दिवा बसला असता न्हवं? दिवा तसाच हाय म्हंजे करंट स्टार्टरला पोचतच नाही. वाट अडलीय."

मग परत चावी मारायला सांगून त्यांनी स्टॉपच्या केबलला हात लावला आणि झटकन काढला. केबल गरम झाली होती. मामा हसले.

"अर्थ इल्ल!"

कानडीत इल्ल म्हणजे नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचा चेसिसशी नीट संबंध येतो तो फक्त विणलेल्या तांब्याच्या पट्टीने. करंट बॅटरीतून निघून स्टार्टरमध्ये जातो, पण परत बॅटरीकडे यायला त्याला हीच वाट. ती अडली की तो मिळेल तिथून परततो, अगदी बारक्या स्टॉप केबलमधूनसुद्धा, म्हणून ती तापते. डायनामोलाही परतीची तीच वाट, म्हणून चार्जिंगही अर्धवट. मामांनी बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या लोखंडाला एक जाड केबल धरली. चावी मारली, आणि इंजिन एका झटक्यात सुरू!

पट्टी सोडवली तर खाली चकचकीत काळा रंग. पासिंगच्या वेळी रंगाआधी पट्टी काढलेली, आणि रंगावरच बोल्ट आवळलेला. आवळला होता खुद्द अण्णांनी. मामांनी पॉलिश पेपरने रंग खरवडून लोखंड उजळवलं, वॉशर घातला, ग्रीस लावलं. पैसे पाच रुपये.

अण्णा तिथल्या बाकड्यावर बराच वेळ बसून राहिले. मामा म्हणाले, "अण्णा, वायर तपासायच्या आधी पोराला कशाला बोलतासा?"

त्याच रविवारी अण्णा मला घेऊन खानापूरकडे गेले. कापलेले पैसे आणि वर शंभर रुपये त्या पोराच्या आईच्या हातात दिले आणि तिच्यासमोरच त्याला म्हणाले, "चूक माझी होती." तो म्हणाला, "असू दे अण्णा." पैसे घेतले, चहा दिला, पण गाडीवर परत आला नाही. तो दुसऱ्या ट्रकवर लागला होता. पुढे रस्त्यात भेटला की हॉर्न मारायचा. अण्णाही मारायचे. तेवढंच.

नंतर अल्टरनेटर आले, कटाऊट गेले. अण्णांची सवय मात्र शेवटपर्यंत राहिली. घरात काहीही बिघडलं, कुणी कुणावर ओरडायला लागलं, की म्हणायचे, "थांबा, आधी अर्थ बघा."

तुमच्या घरात कुणी ड्रायव्हर, मिस्त्री, वायरमन होतं का? त्यांच्या आठवणी खाली जरूर लिहा. नाहीतर आपल्या मागे हे कुणाला माहीतसुद्धा राहणार नाही.