उलट टपालाचा लाल शेरा: मेडिकल ट्रान्सक्रिप्शन घरबसल्या शिकवण्याचा इतिहास

२० मार्च १७२८. अमेरिकेतील बोस्टन हे तेव्हा ब्रिटिश वसाहतीतील एक बंदर. तेथील ‘बोस्टन गॅझेट’ या वृत्तपत्रात केलेब फिलिप्स नावाच्या शिक्षकाची जाहिरात छापून आली. फिलिप्स लघुलिपी शिकवत असे. गावोगावच्या लोकांना दर आठवड्याला धडे पाठवले जातील आणि ते बोस्टनवासीयांइतकेच तरबेज होतील, असे त्याचे आश्वासन होते. दूरस्थ शिक्षणाचा सर्वांत जुना ज्ञात दाखला म्हणून इतिहासकार याच जाहिरातीकडे बोट दाखवतात.

तिच्यात एक गोष्ट मात्र आढळत नाही. धडा शिष्याकडे जाईल हे कळते. शिष्याने लिहिलेले गुरूकडे परत येईल का आणि त्यातील चुका कोणी दाखवील का, याविषयी जाहिरात मौन पाळते. पुढील तीनशे वर्षांत कान आणि हात यांच्या या विद्येचे जे जे शिक्षण दुरून विकले गेले, त्याची खरी पारख याच मौनाच्या जागी होत आली. डॉक्टरांचे बोलणे ऐकून त्याची अचूक लेखी नोंद करणे, म्हणजेच मेडिकल ट्रान्सक्रिप्शन, हे त्या विद्येचे सर्वांत जोखमीचे रूप.

परतीचा रस्ता बांधला तो इंग्लंडमधील आयझॅक पिटमन याने. त्याची ध्वनीवर आधारलेली लघुलिपी १८३७ मध्ये प्रसिद्ध झाली. १० जानेवारी १८४० रोजी ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली आणि पिटमनने ती संधी तत्काळ हेरली. संपूर्ण लिपी एका छोट्या तक्त्यावर छापून त्याने ती टपालाने पाठवायला सुरुवात केली. शिष्यांनी बायबलमधील उतारे लघुलिपीत लिहून पाठवायचे आणि ते तपासून परत मिळायचे, अशी रीत होती. (हा व्यवहार पोस्टकार्डावर चाले, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ब्रिटनमध्ये पोस्टकार्ड अवतरले १८७० मध्ये. तेव्हा आरंभीच्या वर्षांपुरती तरी ही दंतकथाच समजावी.) शिष्यसंख्या एकट्याच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा १८४३ मध्ये पत्राद्वारे धडे विनामूल्य तपासणाऱ्या अनुयायांचा संघच उभा राहिला. पिटमनच्या पद्धतीच्या प्रसाराचे श्रेय लिपीच्या सौंदर्याला दिले जाते. त्यातील निम्मे श्रेय तरी त्या अनाम तपासनिसांच्या पदरात टाकायला हवे.

पुढे या शिक्षणाचा बाजार झाला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन गावी कोळसा खाणीतील सुरक्षेचे धडे टपालाने देण्यातून १८९१ च्या सुमारास ‘इंटरनॅशनल करस्पाँडन्स स्कूल्स’ ही प्रचंड संस्था जन्मली आणि तिच्या मागोमाग चांगल्या-वाईट संस्थांचे पेव फुटले. त्या धंद्याचे गणित सरळ होते. शुल्क आधी घ्यायचे. जो शिष्य तिसऱ्या धड्यानंतर गळाला, त्याच्या वह्या तपासण्याचा खर्चच उरत नाही. म्हणजे गळणारा विद्यार्थी हाच सर्वांत किफायतशीर विद्यार्थी! १९२६ मध्ये जॉन नॉफसिंगर याने कार्नेगी प्रतिष्ठानच्या पाठबळाने या संस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ‘नॅशनल होम स्टडी कौन्सिल’ स्थापन झाली आणि घरबसल्या शिक्षणाला बाहेरून कोणीतरी पारखण्याची परंपरा रुजू लागली.

याच काळात रुग्णालयांत वेगळेच मन्वंतर घडत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णाचा इतिहास डॉक्टरांच्या डोक्यात किंवा खिशातल्या वहीत असे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ने शंभराहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा किमान निकषांना उतरली अवघी ८९. त्यांतील एक निकष होता प्रत्येक रुग्णाच्या अचूक व संपूर्ण नोंदीचा. नापासांत मोठमोठी नावे होती. ती यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली, असे सांगतात. यादी जळाली, निकष मात्र राहिला. नोंदी हव्यात म्हटल्यावर त्या लिहिणारे हात हवेत, आणि डॉक्टरांना लिहायला सवड नाही. डॉक्टर प्रथम लघुलेखिकेला, पुढे यंत्रात बोलू लागले आणि रुग्णालयाच्या एखाद्या कोपऱ्यात बसलेल्या स्त्रिया ते टंकलिखित करू लागल्या.

या स्त्रियांना कोणी शिकवले? कोणीच नाही, हे बहुतांश खरे उत्तर. शेजारच्या खुर्चीवरील जुनी जाणती बाई चूक दाखवी, नवी शिके. कामाला मान टायपिस्टचा आणि पगारही टायपिस्टचा. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे ‘अमेरिकन असोसिएशन फॉर मेडिकल ट्रान्सक्रिप्शन’ स्थापन झाली ती याच अवहेलनेला उत्तर म्हणून. शरीररचना, रोगविज्ञान, औषधे, प्रयोगशाळेतील चाचण्या आणि व्याकरण इतके सारे ज्याला लागते ते निव्वळ टंकलेखन नव्हे, असा तिचा आग्रह होता.

शिक्षणाच्या बाबतीत खरी कलाटणी त्याच मोडेस्टोत मिळाली. ‘हेल्थ प्रोफेशन्स इन्स्टिट्यूट’ या प्रकाशन संस्थेने खऱ्या डॉक्टरांच्या खऱ्या बोलण्याच्या ध्वनिफिती विषयवार लावून अभ्यासक्रमात आणल्या. संस्थेच्या प्रकाशक सॅली क्रेन्शॉ पिटमन. आडनाव योगायोगाचे, पण इतिहासाला असे योगायोग शोभतात. तोवर अनेक अभ्यासक्रमांत निवेदक स्टुडिओत बसून संथ, स्वच्छ आवाजात वाचत असे. प्रत्यक्षातील डॉक्टर असे बोलत नाही. तो चालता चालता बोलतो, घास चावत बोलतो, वाक्य अर्धवट सोडून मागील वाक्य दुरुस्त करतो. त्याची इंग्रजी कधी टेक्सासची असते, कधी मनिलाची, कधी मद्रासची. पार्श्वभूमीला कोणाचे तरी यंत्र वाजत असते. स्टुडिओतील फितींवर शंभर टक्के गुण मिळवणारी विद्यार्थिनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी रडकुंडीला येई, ते यामुळे.

शिवाय चुकीचे स्वरूपही निराळे. ‘इलियम’ हा उच्चार दोन शब्दांचा आहे. स्पेलिंगमधील एका अक्षराने तो लहान आतड्याचा शेवटचा भाग ठरतो किंवा कमरेचे हाड. ‘हायपर’ म्हणजे अधिक आणि ‘हायपो’ म्हणजे उणे. घाईने बोलणाऱ्याच्या तोंडी दोन्ही सारखेच. संगणकाची शुद्धलेखन तपासणी येथे निरुपयोगी, कारण चुकीचा शब्दही शुद्ध असतो. या धंद्यात ९८ टक्के अचूकता हा सर्वसाधारण मापदंड मानला गेला. पण उरलेल्या दोन टक्क्यांत स्वल्पविराम आहे की औषधाची मात्रा, हे टक्केवारी सांगत नाही. म्हणूनच उत्तम वर्गांत चुकांची केवळ मोजणी होत नसे. गंभीर चूक वेगळी, किरकोळ वेगळी आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिलेले, अशी वही परत येई.

१९९० च्या दशकात ध्वनी तारेवरून महासागर ओलांडू लागला. अमेरिकेत डॉक्टरांचा दिवस संपतो तेव्हा भारतात उजाडते. त्यांच्या सकाळपूर्वी अहवाल तयार. बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, मुंबई, पुणे येथे कंपन्या निघाल्या आणि त्यांच्यापाठोपाठ, काही ठिकाणी त्यांच्याही आधी, प्रशिक्षण वर्गांचे फलक लागले. काही महिन्यांत अमेरिकी काम, डॉलरची कमाई, नोकरीची हमी! बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांनी ठेवी मोडून शुल्क भरले. यांतील काही वर्ग कंपन्यांनी स्वतःसाठी माणसे घडवायला काढलेले होते आणि तेथून निघालेले हजारो जण या क्षेत्रात स्थिरावले. बाकी अनेकांकडे ना खऱ्या फिती होत्या, ना तपासणारा अनुभवी कान. २००० नंतर त्यांच्या दारांना कुलुपे लागली.

महाराष्ट्रापुरता एक विरोधाभास येथे नोंदवण्याजोगा आहे. गल्लीतील टायपिंग इन्स्टिट्यूट कितीही अंधारी असो, परीक्षा तिची नसे. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेई. मिनिटाला ३० की ४० शब्द, हे मास्तर ठरवत नसत. खडखडणाऱ्या रेमिंग्टनवर शिकणाऱ्याला जे संरक्षण होते, ते वातानुकूलित संगणकवर्गात शिकणाऱ्याला नव्हते. तेथे शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि प्रमाणपत्र देणारा एकच. अशा प्रमाणपत्राची किंमत छपाईच्या कागदाएवढी.

अमेरिकेतही ऑनलाइन वर्गांचा सुळसुळाट झाला, पण तेथे दोन बाहेरच्या कसोट्या उपलब्ध होत्या. पहिली, मोडेस्टोच्या संघटनेने अभ्यासक्रम तपासून दिलेली मान्यता आणि नवोदितांसाठी ठेवलेली स्वतंत्र परीक्षा. दुसरी अधिक बोलकी. कंपन्या सहसा दोन वर्षांचा अनुभव मागत. परंतु मोजक्या शाळांच्या पदवीधरांना ही अट शिथिल केली जाई. कोणत्या शाळेचे नाव ऐकून कंपनी अट सोडते, हे ज्याने प्रवेशापूर्वी थेट कंपनीलाच विचारले, त्याला माहितीपत्रक वाचण्याची फारशी गरज उरत नसे.

या साऱ्याची किंमत अखेर कोण मोजतो, हे अलाबामातील एका खटल्याने दाखवले. २००८ मध्ये एका मधुमेही स्त्रीला रुग्णालयातून पुनर्वसन केंद्रात हलवले. डॉक्टरांनी ध्वनिमुद्रणात इन्सुलिनची मात्रा सांगितली होती ८ युनिट. कागदावर उमटली ८०. ती मात्रा दिली गेली आणि ती स्त्री दगावली. ध्वनिमुद्रण अमेरिकी कंपनीकडून उपकंत्राटांच्या साखळीतून भारतात पोहोचले होते. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने १४ कोटी डॉलर नुकसानभरपाईचा निर्णय दिला. इंग्रजीत ‘एट’ आणि ‘एटी’ यांत फरक एका शेवटच्या स्वराचा. मात्र इन्सुलिनच्या मात्रांशी परिचय असलेला कान अशा आकड्यापाशी थबकतो, फीत मागे घेतो, तरीही शंका राहिली तर जागा कोरी ठेवून शेरा मारतो. ऐकू न आलेले अंदाजाने भरायचे नाही, हा या विद्येचा पहिला धडा. आणि हा धडा पाठ करून येत नाही. विद्यार्थ्याने अंदाज ठोकला की कोणीतरी तो पकडावा लागतो, पुन्हा पुन्हा.

आता यंत्रे ऐकू लागली आहेत. मोडेस्टोत जन्मलेल्या संघटनेने २००७ मध्येच आपल्या नावातून ‘ट्रान्सक्रिप्शन’ हा शब्द काढून टाकला. डॉक्टरांचे बोलणे टिपणाऱ्या प्रणालींसाठी प्रसिद्ध असलेली न्युआन्स ही कंपनी मायक्रोसॉफ्टने सुमारे १९७० कोटी डॉलरना घेतली. तो व्यवहार मार्च २०२२ मध्ये पुरा झाला. अमेरिकेत या कामातील नोकऱ्या घटत चालल्या आहेत. जे उरले आहे ते मुख्यतः संपादन. यंत्राने लिहिलेला मसुदा आणि मूळ आवाज समोरासमोर ठेवून वाचायचे.

हे काम सोपे वाटते, आणि फसते ते तेथेच. यंत्राचा मसुदा टापटीप असतो. त्यात अडखळ नाही, कोरी जागा नाही. डोळा सरावतो आणि कान झोपी जातो. त्यामुळे आजच्या चांगल्या अभ्यासक्रमांतही आरंभ कोऱ्या पानापासूनच होतो. विद्यार्थी आधी केवळ ऐकून लिहितो, मसुदा दुरुस्त करण्याची पाळी नंतर येते. या दुसऱ्या टप्प्यातील सरावाचे मसुदे वरकरणी निर्दोष दिसतात. त्यांत कोठेतरी ‘हायपर’च्या जागी ‘हायपो’ असतो, कोठेतरी आकड्यापुढे एक शून्य अधिक. विद्यार्थ्याला सुटलेली प्रत्येक जागा रंगवून मसुदा त्याच्याकडे परत येतो, आता टपालाऐवजी ईमेलने.