तीन तारे

१९९४ साली मी एका सायंदैनिकात कॅसेटची परीक्षणं लिहायचो. गुरुवारी दुपारी चार कॅसेट हातात पडत, शुक्रवारी सकाळी मजकूर द्यायचा. पहिली बाजू पुरती ऐकायची, दुसरी बटण दाबून पळवत पळवत, आणि मग गायकाला तोलायचं! त्यामुळे अमेरिकी गायक जेफ बकलीच्या पहिल्या अल्बमला, 'ग्रेस'ला, तेव्हा काय मिळालं ते वाचताना मला त्या समीक्षकांचा राग येत नाही. ती मंडळी ओळखीची वाटतात.

२३ ऑगस्ट १९९४ रोजी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं 'ग्रेस' काढला. दहा गाणी. एकात लेड झेपेलिनच्या वळणाची दणकेबाज गिटार, तर दुसऱ्यात चर्चमधल्या पोराचा असावा तसा नितळ, चढा आवाज, बेंजामिन ब्रिटनचं 'कॉर्पस क्रिस्टी कॅरल' गाणारा. याचं घराणं कोणतं म्हणायचं? 'रोलिंग स्टोन'नं पाचांपैकी तीन तारे दिले. त्यातलं 'हालेलुया' पेलायला हा गडी पुरेसा पोळलेला नाही, अशी कुरकुरही केली. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अल्बम १४९च्या वर सरकला नाही. फ्रान्सनं मात्र १९९५मध्ये त्याला शार्ल क्रो अकादमीचा मानाचा पुरस्कार दिला.

'हालेलुया'चं नशीबच तसलं. लेनर्ड कोहेनच्या ज्या अल्बममध्ये ते होतं, तो १९८४ साली अमेरिकेत काढायला याच कोलंबियानं नकार दिला होता. बकलीनं ते उचललं जॉन केलच्या १९९१च्या गायनावरून. म्हणजे चीज तिसऱ्या गळ्यात उतरली तेव्हा कुठे लोकांना दिसली.

घराण्याचं उत्तर न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवरच्या 'शिने' नावाच्या चिमुकल्या कॅफेत होतं. अल्बमच्या आधी बकली तिथे एकटाच गिटार घेऊन गायचा. एदित पियाफ, नीना सिमोन, व्हॅन मॉरिसन, आणि नुसरत फतेह अली खाँ. होय, उर्दू बोलांसकट कव्वाली, समोर कॉफीचे कप! नुसरतना तो गुरुस्थानी मानायचा, आणि पुढे त्यांच्या एका संग्रहासाठी त्यानं लिहिलंही. वरच्या सप्तकात तो सूर सोडत नाही, घोळवत राहतो, ते आपल्या कानांना लगेच कळतं.

२९ मे १९९७ला मेम्फिसजवळ वुल्फ नदीत तो बुडाला. वय तीस. त्यानंतर सगळ्यांचंच मत बदललं. २००३मध्ये त्याच 'रोलिंग स्टोन'नं पाचशे थोर अल्बमांत 'ग्रेस'ला ३०३वं स्थान दिलं. मेलेल्या माणसाला तारे वाढवून देणं सोपं असतं, मीही दिलेत.

माझा भाचा १९९८मध्ये न्यू जर्सीहून ही कॅसेट घेऊन आला. पहिली बाजू पुरती ऐकली, दुसरी सवयीनं पळवली. 'ड्रीम ब्रदर'मध्ये तबला वाजतो, हे मला दोन वर्षांनी कळलं. ते गाणं दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी आहे.