रेडिओतला सुतारपक्षी

मंडळी, १९७६ च्या जुलैमध्ये जगभरच्या हॅम रेडिओवाल्यांच्या सेटवर अचानक टक्-टक्-टक् सुरू झालं. सेकंदाला १० ठोके, तेही इतके जोरदार की समोरच्याचं बोलणं त्यात बुडून जायचं. लोकांनी नाव ठेवलं 'रशियन सुतारपक्षी'. हे होतं सोव्हिएत युनियनचं 'दुगा' रडार, क्षितिजापलीकडून उडणारी क्षेपणास्त्रं टिपण्यासाठी बांधलेलं.

तक्रारींनी ते थांबलं नाही. मग हातात उरला फक्त आपला रिसीव्हर. त्यात 'नॉइज ब्लँकर' असायचा : ठोका आला की तेवढ्यापुरता रिसीव्हर बंद! युक्ती जुनीच, जेम्स लॅम्बने १९३६ मध्ये मांडलेली. पण गाडीच्या स्पार्क प्लगचा ठोका अगदी अरुंद, सुतारपक्ष्याचा कित्येक मिलिसेकंदांचा. नेहमीचा ब्लँकर लवकर उघडायचा आणि उरलेला ठोका थेट कानात. म्हणून केनवूडसारख्या कंपन्यांनी रुंद ठोक्यांसाठी वेगळा ब्लँकर दिला.

बटण दाबलं की काम झालं, असं मात्र नाही बरं का. बंद ठेवायचा वेळ वाढवला की बोलण्याचेही तुकडे पडतात. शिवाय ब्लँकर अरुंद फिल्टरच्या आधी बसतो, त्यामुळे शेजारचं तगडं स्टेशनही त्याला ठोकाच वाटतं आणि आवाज फाटतो. तेव्हा लेव्हल हळूहळू वाढवायची, टकटक दबली की थांबायचं.

१९८९ मध्ये दुगा गप्प झालं. चेर्नोबिलजवळचा त्याचा रिसीव्हिंग अँटेना सुमारे १५० मीटर उंच. एवढ्या धुडाला हॅम लोकांनी दोन बटणांवर तोंड दिलं. पूर्ण नाही, पण गप्पा चालू राहतील इतपत नक्कीच.