ऑस्ट्रेलियातील घरांभोवती आढळणारे साप

ऑस्ट्रेलियात मानवी वस्तीलगत अजगर, अन्य बिनविषारी साप आणि अतिविषारी साप असे तिन्ही प्रकार आढळतात. उंदीर, बेडूक व सरडे यांच्या शोधात आणि आसऱ्यासाठी ते घराजवळ येतात. केवळ रंगावरून किंवा डोक्याच्या आकारावरून त्यांची ओळख ठरवणे धोक्याचे असते.

अजगर

पूर्व ऑस्ट्रेलियात घराच्या छपरात बहुधा कार्पेट अजगर (मोरेलिया स्पिलोटा) आढळतो. त्याची लांबी सामान्यतः २ ते ३ मीटर असते. मानेहून वेगळे दिसणारे रुंद डोके, त्यावरील बारीक खवले, डोळ्यांच्या उभ्या बाहुल्या आणि ओठांवरील उष्णता जाणणाऱ्या खाचा ही त्याची लक्षणे होत. सिडनी परिसरातील डायमंड अजगर ही याचीच उपजाती असून तिच्या काळसर अंगावर पिवळसर ठिपके असतात. अजगर भक्ष्याला विळखा घालून मारतो. त्याच्या चाव्याने जखम होते, विषबाधा होत नाही.

अन्य साप

सडपातळ, मोठ्या डोळ्यांचा व बहुधा पिवळ्या पोटाचा कॉमन ट्री स्नेक बिनविषारी असून महाराष्ट्रातील रुका सापाच्या प्रजातीतील आहे. ब्राऊन ट्री स्नेक हा निमविषारी साप मांजऱ्याच्या प्रजातीतील आहे.

विषारी सापांपैकी ईस्टर्न ब्राऊन स्नेक (स्यूडोनाजा टेक्स्टिलिस) सर्वांत महत्त्वाचा होय. देशातील सर्पदंशाचे सर्वाधिक मृत्यू ब्राऊन स्नेक गटातील सापांमुळे होतात. त्याचा रंग फिकट पिवळसर ते गडद तपकिरी असतो. पिलांच्या डोक्यावर काळा डाग आणि कधी अंगभर पट्टेही असतात. रेड-बेलीड ब्लॅक स्नेक वरून चकचकीत काळा व पोटाच्या कडांना लाल असतो. टायगर स्नेक दक्षिणेकडील भागांत आढळतो. त्याच्या अंगावर पट्टे असतातच असे नाही.

ओळखीतील चुका

‘त्रिकोणी डोके म्हणजे विषारी साप’ हा समज घोणस व फुरसे यांच्यामुळे महाराष्ट्रात रूढ आहे. नाग आणि मण्यार यांना तो भारतातही लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात घोणस कुळातील एकही साप नाही. तेथे त्रिकोणी डोक्याचा अजगर निरुपद्रवी, तर अरुंद डोक्याचा ब्राऊन स्नेक प्राणघातक ठरतो. बिनविषारी कीलबॅक आणि विषारी रफ-स्केल्ड स्नेक हे तर इतके सारखे दिसतात की, सुरक्षित अंतरावरून त्यांतील भेद सांगता येत नाही. म्हणून अनोळखी साप विषारी मानून दूर राहावे, मुले व पाळीव प्राणी घरात घ्यावेत आणि परवानाधारक सर्पमित्राला बोलवावे. स्थानिक सापांना कायद्याने संरक्षण आहे.

सर्पदंश

दंश झाल्यास हालचाल पूर्ण थांबवावी आणि ००० या क्रमांकावर संपर्क साधावा. हातापायाला दंश असल्यास संपूर्ण अवयवावर रुंद, घट्ट पट्टी गुंडाळून त्याला आधाराची फळी बांधावी. जखम धुऊ नये; त्वचेवरील विषाच्या अंशावरून रुग्णालयात सापाचा गट ओळखण्यास मदत होते. त्यासाठी साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नसते. ही दाबपट्टीची पद्धत घोणस व फुरसे यांच्या दंशावर सामान्यतः वापरली जात नाही.