पेशीतील घड्याळ आणि रात्रपाळी

आपल्या अनगोळलगतच्या उद्यमबागेत रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला दिवसा धड झोप लागत नाही. त्याला आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कारण हे घड्याळ पेशीतच असते.

१९७१ साली कोनोप्का व बेंझर यांना दिनलय बिघडलेल्या फळमाश्या सापडल्या. १९८४ साली हॉल, रॉसबॅश व यंग यांनी त्यामागील ‘पीरियड’ हे जनुक वेगळे काढले. २०१७ साली तिघांना नोबेल मिळाले. या जनुकाचे प्रथिन रात्री साठते, स्वतःच्याच जनुकाला थोपविते व दिवसा विघटित होते. माशीचे नि माणसाचे घड्याळ एकाच धाटणीचे! २००५ साली ‘क्लॉक’ जनुक बिघडलेले उंदीर अवेळी खाऊन लठ्ठ झालेले, त्यांच्या रक्तातील साखर वाढलेली आढळली. २००७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिनलय बिघडविणारी पाळी ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविली. २०१९ साली रात्रपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम राहिला.